पडद्यावरचा शिक्षक आणि वर्गातील जागा

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी मजकूर जमवण्याचे काम सुरू असताना माजी विद्यार्थ्यांकडून एक सूचना पुन्हापुन्हा पुढे आली. आपले अनेक विद्यार्थी आज पुणे, मुंबई, नागपूर, बंगळुरू येथे आणि काही परदेशांतही अभियंते, प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी म्हणून कार्यरत आहेत. शाळेचे ऋण फेडावे अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे. पण अंतर मोठे, रजा तोकडी. तेव्हा दूरदृश्य प्रणालीच्या साहाय्याने आठवड्यातून एक-दोन तास आपापला विषय शाळेतील मुलांना शिकवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. या सूचनेच्या पाठोपाठ दुसरी एक सूचना, काहीशी दबक्या आवाजात, ऐकू येऊ लागली आहे. शिक्षक पडद्यावर येऊ शकत असेल तर विद्यार्थ्याने गाव सोडून वसतिगृहात येऊन राहण्याची गरज काय? धान्य, इंधन, वीज, अधीक्षक, स्वयंपाकी यांवरचा खर्च वाचवून प्रत्येक मुलाच्या हाती एक टॅब दिला, तर आज आहेत त्याच्या दुप्पट मुलांना आपण शिकवू शकणार नाही का?

या दोन सूचना वरवर पाहता सारख्याच दिसतात. दोन्हींत यंत्र तेच, पडदा तोच आणि सद्हेतूही तोच. परंतु पहिली सूचना दूरच्या शिक्षकाला आपल्या वर्गात आणते आणि दुसरी आपल्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर नेते. दिशेतला हा फरक माझ्या मते साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. पहिल्या सूचनेचा आपण मोकळ्या मनाने स्वीकार करावा आणि दुसरी तितक्याच स्पष्टपणे नाकारावी, असे मला वाटते. त्याची कारणे इतिहासात आहेत, तशीच आपल्या अलीकडच्या अनुभवातही आहेत.

प्रथम इतिहासाकडे पाहू. आपल्या समाजाच्या संदर्भात शिक्षणाचा लढा हा केवळ अक्षरज्ञानाचा लढा कधीच नव्हता. तो वर्गातील जागेचा लढा होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने अर्ज करण्यात आला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारला नाकारता आले नाही. तरीही एका मुलाला आत घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, या भयापोटी त्याला प्रवेश देण्यात आला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२८ साली सायमन कमिशनला सादर केलेल्या शिक्षणविषयक निवेदनात बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम नोंदवले आहे. शाळा सरकारी होती, पैसा सार्वजनिक होता, न्याय मान्य होता. नाकारली गेली ती फक्त आत बसण्याची जागा.

प्रवेश मिळाल्यावरही जागा मिळतेच असे नव्हते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु त्यांच्या शालेय दिवसांचे जे वर्णन त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात केले आहे, ते वाचले म्हणजे प्रवेश आणि जागा यांतील अंतर ध्यानात येते. इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांना बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. शिपाई नसला की पाणीही नाही. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हाही सामाईक पाण्याच्या भांड्याला त्यांचा स्पर्श होणे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. शिकवणाराच्या खुर्चीवर बसल्यानंतरही जागेचा प्रश्न सुटलेला नव्हता.

कितीतरी गावांत आपली मुले वर्गाबाहेर, ओसरीवर बसत. गुरुजींचा आवाज त्यांना दारातून, खिडकीतून ऐकू येई. पाढे त्यांनाही पाठ होत, धुळाक्षरे तीही गिरवीत. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर धडा त्यांच्यापर्यंत ‘पोहोचत’ होता. तरीही ते बहिष्करणच होते, याविषयी आपल्यापैकी कोणाच्या मनात शंका नाही. ऐकू येणे आणि आत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी ओसरीवर बसून जाणले होते. म्हणून शिक्षण घरबसल्या पोहोचवण्याची योजना कोणी मांडली की आपण जरा थांबून विचारले पाहिजे : ही योजना आपल्या मुलाला आत आणते आहे की त्याच्यासाठी नवी ओसरी बांधते आहे?

आपल्या धुरीणांनी शाळेइतकेच, किंबहुना काही वेळा शाळेच्याही आधी, वसतिगृहाला महत्त्व दिले ते याच जाणिवेतून. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश महाराजांनी दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एका पंगतीला जेवत. बाबासाहेबांचा क्रमही पाहण्याजोगा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि १९२५ साली तिने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यानंतर वीस वर्षांनी, १९४५ साली आली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय. आधी राहण्याची, जेवण्याची, दिव्याखाली निवांत बसण्याची सोय आणि मग महाविद्यालय, असा हा क्रम आहे. ज्या घरात रॉकेल संपले की अभ्यास संपतो, तेथल्या मुलाला पुस्तकाइतकीच दिव्याची, आणि दिव्याइतकीच शेजारी बसून वाचणाऱ्या दुसऱ्या मुलाची गरज असते, हे त्यांनी ओळखले होते.

आता अलीकडचा अनुभव. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशभरातील शाळा बंद झाल्या. आपली मुलेही पेट्या उचलून गावोगावी परतली. शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू आहे, असे त्या काळात सर्वत्र सांगितले जात होते. ते कोणाचे सुरू होते याचे उत्तर ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या एका पाहणीने दिले. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधील सुमारे १४०० कुटुंबांतील शाळकरी मुलांची माहिती घेतली होती. ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. त्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण मुलांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणाऱ्यांचे प्रमाण अवघे ४ टक्के होते. इतर ग्रामीण मुलांमध्ये ते १५ टक्के होते. ध्यानात घ्या, ही तुलना शहरातील श्रीमंतांशी केलेली नाही. ती गरिबांची गरिबांशीच आहे. एकाच प्रकारच्या वस्त्यांमध्येही पडद्याने जुनीच उतरंड पुन्हा उभी केली.

याचे कारण केवळ यंत्राचा अभाव नव्हे. याच पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी जवळपास निम्म्या घरांत स्मार्टफोन होता. पण तो कमावत्या माणसाबरोबर कामावर जात असे. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी हेच चित्र होते. बाप वीटभट्टीवर किंवा बांधकामावर, फोन त्याच्या खिशात; तो रात्री परतेपर्यंत वर्ग केव्हाच संपलेला. घरात दोन-तीन भावंडे असली तर फोन आधी मुलाच्या हाती जाई आणि मुलीच्या वाट्याला चूल व धाकटे भावंड येई. वसतिगृहात असताना ज्या मुलीला रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासाचे म्हणून निर्विवाद मिळत होते, तिला घरी ते दोन तास कोणाकडे मागावेत हेही ठाऊक नव्हते. तिचे आईवडील निष्ठुर नव्हते. घर हे घराच्या गरजांनुसार चालते आणि शाळा मुलाच्या गरजांनुसार चालते, एवढाच याचा अर्थ.

त्या काळात आणखी एक गोष्ट दिसली, जी कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही. ज्यांच्याजवळ फोन होता, अशी मुलेही कॅमेरा बंद ठेवून वर्गात बसत. प्रारंभी वाटे, ही मुले खोड्या करीत असतील किंवा झोपली असतील. पुढे उमगले की कॅमेरा सुरू केला की पाठीमागची भिंत दिसते. पत्र्याचे छत दिसते. दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातला चुलीचा धूर, क्वचित घरातले भांडणही दिसते. निवासी शाळेत सर्वांचा गणवेश एक, ताट एक, सतरंजी एक. कोणाचे घर कसे आहे हे वर्गाला कळत नाही आणि कळले तरी त्याने काही बिघडत नाही. पडद्यावर मात्र प्रत्येक मूल आपले घर पाठीवर घेऊन वर्गात येते. समतेसाठी आपण जे आवरण इतक्या कष्टाने विणले, ते कॅमेरा एका क्षणात उसवून टाकतो. मग मूल दिसेनासे होणे पसंत करते. वर्गात नाव आहे, चेहरा नाही. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

इतके सांगितल्यावर मी दूरदृश्य शिक्षणाच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. तंत्राला नाकारणे ही आपली परंपरा नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा छापखाना हेही दूरवर शिकवण्याचेच साधन होते. मुंबईत लिहिलेला विचार खेड्यातल्या वस्तीत पोहोचत होता. पण तो कसा पोहोचत होता हे पाहिले पाहिजे. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून वस्तीतला जो कोणी शिकलेला असेल त्याने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी भोवती बसून ऐकायचे, मध्येच अडवून अर्थ विचारायचा, वाद घालायचा, अशी रीत होती. शब्द दूरचा, पण वाचणारा जवळचा आणि ऐकणारे एकत्र. दूरशिक्षणाचा याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही.

पुढील काळातील प्रयोगांकडे पाहिले तरी हेच दिसते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग भारताने केला. तेथे घरोघरी संच नव्हते. गावासाठी एक सामाईक संच होता आणि लोक त्याच्यासमोर जमत. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. मात्र या दोन्हींत शिकवणारा बोले आणि शिकणारा ऐके. उलट प्रश्न विचारण्याची सोय पडद्यात नव्हती. २००४ साली केवळ शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅट या उपग्रहामुळे दोन्ही बाजूंनी पाहता-बोलता येईल असे वर्ग उभे राहू लागले, आणि आज तेच काम साध्या संगणकावर व इंटरनेटवर होते. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठी मुक्त विद्यापीठांनी मोठे दार उघडले. १९८२ साली हैदराबादेत स्थापन झालेले देशातील पहिले मुक्त विद्यापीठ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानेच ओळखले जाते, हे औचित्यपूर्ण आहे. परंतु प्रौढाने स्वतःच्या निर्णयाने दुरून शिकणे वेगळे आणि बारा वर्षांच्या मुलाला दुरूनच शीक म्हणणे वेगळे.

आपल्या शाळेपुरता दूरदृश्य वर्गाचा खरा उपयोग कोठे आहे, हे पालीच्या उदाहरणाने सांगता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या मुलांना त्रिशरण-पंचशील लहानपणापासून मुखोद्गत असते. पण पाली शिकवू शकेल असा शिक्षक तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. म्हणून गेल्या शैक्षणिक वर्षात आठवी-नववीसाठी पालीचा एक परिचय-अभ्यासक्रम दूरदृश्य प्रणालीने घेण्यात आला. शिकवणारे अभ्यासक शहरात होते, मुले येथील सभागृहात एकत्र बसलेली आणि त्यांच्यासोबत वर्गात मी. दर शनिवारी एक तास.

पहिल्या काही तासांत वर्ग यंत्रवत चालला. पडद्यावरून ‘समजले का?’ असा प्रश्न येई आणि इकडून पन्नास कंठांतून एकच ‘हो सर’ जाई. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला असा होकार फसवू शकत नाही, कारण त्याला कपाळावरच्या आठ्या दिसतात, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारी मान दिसते. पडद्यावरच्या शिक्षकाला मात्र पुढच्या दोन रांगांपलीकडचे काहीच दिसत नव्हते. सामूहिक पठणही जमेना. आवाज जाण्या-येण्यात जो क्षणभराचा विलंब होतो तेवढ्याने सूर फाटतो. तेव्हा आम्ही रीत बदलली. पठण इकडचा ध्वनिक्षेपक बंद करून आपसांत करायचे आणि मग एकाने शिक्षकांना म्हणून दाखवायचे. पाच-पाच मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. ज्याचा प्रश्न असेल त्याने पुढे येऊन आधी स्वतःचे नाव सांगायचे आणि मग प्रश्न विचारायचा. गृहपाठाच्या वह्या मी येथेच तपासायचो आणि कोठे अडले ते शुक्रवारी शिक्षकांना कळवायचो.

त्या चिठ्ठ्यांतून एके दिवशी एक प्रश्न आला. मराठीत मुलगा ‘जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘जाते’ म्हणते. मग वंदनेत आम्ही सगळेच ‘गच्छामि’ का म्हणतो? प्रश्न विचारणारी मुलगी एरवी मागच्या रांगेत बसणारी, सहसा न बोलणारी. पालीतल्या या क्रियापदाला लिंगभेद नाही, तेथे स्त्री-पुरुष एकाच रूपाने ‘मी जातो-जाते’ म्हणतात, असे शिक्षकांनी समजावले, आणि मग उरलेला तास त्याच एका शब्दावर खर्ची पडला. जन्मापासून उच्चारलेल्या शब्दाला व्याकरण आहे आणि त्या व्याकरणात आपण बरोबरीने उभे आहोत, हे त्या दिवशी मुलींना कळले. ते उत्तर देऊ शकेल असा माणूस आमच्यापैकी कोणी नव्हता. ते दुरूनच यावे लागले. पण तो प्रश्न वर येण्यासाठी चिठ्ठी, गट, शेजारच्या मुलीने दिलेला धीर आणि वर्गात उपस्थित असलेला एक शिक्षक लागला. एकटीच घरी फोनसमोर बसली असती, तर ती मुलगी कॅमेरा बंद ठेवून तास संपण्याची वाट पाहत राहिली असती, असे मला वाटते.

येथे मिलिंदप्रश्नाची आठवण होते. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाच्या आरंभी नागसेन एक अट घालतात. राजा विद्वानांच्या रीतीने वाद करणार असेल तर बोलू, राजाच्या रीतीने करणार असेल तर नाही. विद्वानांच्या वादात खंडन होते, मंडन होते, चूक दाखवली जाते, पण कोणी रागावत नाही. राजाच्या वादात न पटणाऱ्याला दंड होतो. बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्या भिक्षूचे नाव दिले नाही. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. शिक्षणाचा पाया प्रश्न हा आहे, असे जणू ते त्या नावातूनच सांगत होते. दूरदृश्य वर्गात शिकवणाऱ्याच्या हाती एक कळ असते, जी दाबली की समोरच्या सर्वांचा आवाज बंद होतो. शिस्तीसाठी ती सोयीची आहे. पण ती राजाची कळ आहे. आपल्याकडे शिकवण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाने ही कळ कमीत कमी वापरावी आणि आपल्या तासाचा निदान तिसरा हिस्सा मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा.

आता खर्चाचा मुद्दा. वसतिगृह खर्चिक आहे हे कोणीही नाकारणार नाही. पण एका टॅबच्या किमतीशी एका वर्षाच्या जेवणाची तुलना करणे हा हिशेबच चुकीचा आहे. टॅब मुलाला पोसत नाही, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेत नाही, पहाटे उठवत नाही, आणि सुगीच्या दिवसांत त्याला शेतावर न्यायला आलेल्या बापाशी बोलत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ठरवला आहे. तो शाळेत हजर असलेला शिक्षक आहे. ज्यांना परवडते ते आपल्या मुलांसाठी लहान वर्ग, मैदान, प्रयोगशाळा आणि समोर उभा असलेला शिक्षकच निवडतात. त्यांच्याकडे पडदा हा शिक्षकाच्या जोडीला येतो. गरिबाच्या शाळेत तो शिक्षकाच्या जागी येऊ पाहतो. हा फरक आपण आज मुकाट्याने मान्य केला, तर उद्या रिकाम्या शिक्षकपदांना पडदा हेच उत्तर ठरेल आणि त्याला आपल्याच संस्थेचा दाखला दिला जाईल.

म्हणून संस्थेच्या विश्वस्तांपुढे, पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे काही सूचना ठेवतो. दूरदृश्य वर्ग घ्यावेत, पण ते शाळेच्या सभागृहात, मुले एकत्र बसवून घ्यावेत. प्रत्येक वेळी शाळेतील एक शिक्षक वर्गात हजर असावा आणि ते त्याच्या कामाच्या तासांत धरले जावे. जे विषय येथे शिकवता येत नाहीत त्यांनाच हे तास द्यावेत : पाली, इंग्रजी संभाषण, विज्ञानातील नवे प्रयोग, कायदा, उच्च शिक्षणाच्या वाटा. गणित, मराठी, इतिहास हे रोजचे विषय पडद्यावर सोपवू नयेत. देणगीतून साहित्य घ्यायचे असेल तर आधी चांगला ध्वनिक्षेपक, चांगले ध्वनिवर्धक आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर घ्यावा. चित्र अंधुक असले तरी वर्ग चालतो, आवाज तुटला की वर्ग संपतो. अभ्यासक्रम आठ-दहा तासांचा, सलग आणि आखीव असावा. एकाच दिवशी येऊन यशोगाथा सांगून जाणारे व्याख्यान हा अभ्यासक्रम नव्हे. मुलांना यशस्वी माणसे पाहायला आवडतात, पण त्यांची खरी गरज आहे ती त्यांच्या चुका पुढच्या आठवड्यापर्यंत लक्षात ठेवणाऱ्या शिक्षकाची.

आपण बुद्ध, धम्म आणि संघ या तिन्हींना शरण जातो. शिकवणारा आणि शिकवण या दोहोंबरोबर तिसरे शरण संघाचे आहे. तथागतांनी भिक्षूंना वर्षावासात एकत्र राहायला सांगितले. प्रवचन ऐकून प्रत्येकाने आपापल्या वाटेने जावे एवढ्यावर ते थांबले नाहीत. पडदा शिकवणाऱ्याला दाखवू शकतो, शिकवणही पोहोचवू शकतो. संघ घडवायला मात्र एक छप्पर, एक पंगत आणि काही वर्षांचा सहवास लागतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांनी परस्परांना नोकरीत, आजारपणात, लग्नकार्यात, अन्यायाच्या प्रसंगी जो आधार दिला, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. तो रात्री एकाच दिव्याखाली अभ्यास केल्यामुळे आला आहे.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, तुम्ही दुरून शिकवायला तयार आहात याचा शाळेला अभिमान आहे. माझी एकच विनंती आहे. अभ्यासक्रमाचा पहिला तास पडद्यावरून घेऊ नका. पुढच्या सुट्टीत दोन दिवस येथे या, मुलांच्या पंगतीला बसा, मागच्या रांगेतल्या चार मुलांची नावे विचारून घ्या. मग खुशाल हजारो मैलांवरून शिकवा. ती नावे घेऊन तुम्ही पडद्यावरून प्रश्न विचाराल, तेव्हा मागची रांग उठून उत्तर देईल.